प्लग काळा होता

रवि., ११ जाने.
कराडहून सकाळीच सांगलीला. विश्रामबागेत अल्ताफचं नवं गॅरेज. शाळेपासूनचा दोस्त. माझ्या टू-स्ट्रोकचं इंजिन त्याच्याशिवाय आजवर कुणी उघडलेलं नाही. आणि आज माझ्या स्टुलावर दुसराच बसलेला. प्रणव. डेंटलला शिकतो. फ्युएल इंजेक्शनची नवी कोरी गाडी, तिचं ट्यूनिंग लॅपटॉपवर. गाडी रोलरवर चढवायची, सायलेन्सरमध्ये सेन्सर खुपसायचा, स्क्रीनवरचे आकडे बघायचे. झालं.

अ. म्हणतो, "तुझीबी लावू की रोलरवर. अंदाजानं कार्बोरेटरचं जेट बदलायचं दिवस गेलं, गड्या."

अंदाज! हा अंदाज मला शिकवला कुणी?

नको म्हणालो. आपली जुनीच रीत बरी. फुल थ्रॉटल मारायचा, तिथल्या तिथं इंजिन बंद, क्लच दाबून गाडी उभी करायची आणि प्लगचा रंग बघायचा. चॉकलेटी आला तर पेट्रोल बरोबर, काळा आला तर जास्त, पांढरट आला तर कमी. प्रणव ऐकून हसला. वाईट हसला नाही, पण हसला.

बुध., १४ जाने.
संक्रांत. अ.चा फोन. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला शर्यत, गॅरेजच्या नावावर एकच गाडी. "पंचवीसला दोनी पळवून बघतो. नीट पळंल ती न्यायची."

दोन्ही म्हणे. आधी हा प्रश्नच नसायचा. सण म्हणून गोड बोललो आणि फोन ठेवला. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर इतकं झोंबलं नसतं. नाही, झोंबलंच असतं.

रवि., १८ जाने.
तासगाव रोडला ट्रायल. अ.ला कळवलं नव्हतं. रस्ता मोकळा, चौथा टाकला, फुल पिळला. इंजिन बंद करणार तेवढ्यात पुढे रसवंती दिसली. बाहेर अ. आणि प्र., गाडीच्या सीटवर लॅपटॉप. अ. मान मागे टाकून हसत होता. माझ्यासोबत असा शेवटचा कधी हसला, आठवेना.

इंजिन बंद केलं नाही. अलीकडे उसाच्या ट्रॉल्या लागलेल्या, त्यांच्याआड गाडी तशीच चालू ठेवून बघत राहिलो. बराच वेळ. अ.नं प्र.च्या ग्लासातला बर्फ काढून स्वतःच्या ग्लासात टाकला. दाताला लागत असेल दातांच्या डॉक्टरच्या.

मग हळूहळू मागे आलो, आडोशाला प्लग काढला. काळा कुळकुळीत. म्हणजे पेट्रोल जास्त. घरी येऊन पेट्रोल सोडणारा मेन जेट चांगला लहान बसवला. आता बघू कोण कोल्हापूरला जातं.

रवि., २५ जाने.
ट्रायलला सांगलीला निघालो, आष्ट्याच्या पुढे गाडी इंजिनात जाम झाली. मागचं चाक फरपटलं, क्लच दाबला म्हणून वाचलो. अ. टेम्पो घेऊन आला. प्र.पण. "दादा, लागलं का कुठं?" त्याचं चांगलं वागणंच सहन होत नाही मला.

हेड काढलं. पिस्टनवर उभे ओरखडे. अ.नं विचारलं, "प्लग कसा बघितलावतास?"
"फुल थ्रॉटलवर. जागेवर बंद करून."
"नक्की?"
"तूच शिकवलंयस की."

हे बोललो आणि मग डोक्यात उजेड पडला. ट्रॉल्यांच्या आड एवढा वेळ इंजिन नुसतं भकभकत होतं, प्लग काळा येणार नाही तर काय. जेट उगाच लहान केला, पेट्रोल कमी पडून इंजिन जाम झालं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण प्र. शेजारी उभा होता, हातात फडकं घेऊन. त्याच्यासमोर तर नाहीच.

मंगळ., २७ जाने.
अ.चा फोन. "प्लग काळा आला म्हणून जेट उतरवलास, बरोबरच केलंस. मग इंजिन कुठनं तरी हवा खेचतंय, म्हणून पेट्रोल कमी पडलं. घावल्याबिगर सोडत न्हाई." प्र.ची गाडी रोलरवरून उतरवून माझं इंजिन टेबलावर घेतलंय.

बरं वाटलं. लाज नंतर वाटली. आधी बरं वाटलं.

रवि., १ फेब्रु.
दिवसभर गॅरेजवर. इंजिनची तोंडं बंद करून आत हवा भरली, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. कुठे बुडबुडा नाही. सिलं चांगली होती तरी नवी टाकली. परत हवा, परत पाणी. मी आणि अ. खांद्याला खांदा लावून वाकलेले. त्याच्या अम्मीनं दोघांचा डबा दिलेला. प्र. साबणाच्या पाण्याची बाटली धरून उभा. त्याची गाडी कोपऱ्यात अर्धी उघडी.

निघताना प्र. बाहेरपर्यंत आला. "दादा, अल्ताफभाईंना जरा समजवा. सिलिंडर आपणच बसवलेला, आपलंच काहीतरी चुकलं, तुम्ही पडला असता, असं धरून बसलेत. कोल्हापूरला नाव द्यायला पण नको म्हणतात."

मी बरं म्हणालो. किक मारायला गाडी नव्हती, स्टँडकडे चालत सुटलो. मागून अ.ची हाक. "उद्या खालचं इंजिन सगळं खोलतो. रजा टाकून येतोस न्हवं?"

येतो म्हणालो.

सांगायचं तर उद्या खोलायच्या आधीच सांगायला हवं. प्र. कॉलेजला असेल. गॅरेजमध्ये आम्ही दोघंच असू, पूर्वीसारखे.