दृष्ट कुणाची काढायची

उरवडे, कार्तिक वद्य ५, शके १८४६

तीर्थरूप हैबतदादास, धाकट्या चंद्राचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

हितं समदी खुशाल हायेत. तान्ही गोजरा तिसऱ्या महिन्यात हाय. बाळंतपणात माझं आंग जरा भरलं, ते सासूबाईंच्या डोळ्यांत आलं. चोरून साय खाते म्हणत त्यांनी दुधाच्या फडताळाला कुलूप घातलं अन् मला अर्धी भाकरी ठरवली. आमच्या धन्यांचंबी आंग यंदा लई सुटलंय. पण त्यांची बंडी दंडात बसंना झाली, तशी सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन त्यांची दृष्ट काढली!

दादा, माझं दूध आटत चाललंय. पोर चोखून चोखून रडती. काय करू ते कळवा.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची चंद्रा

भुकूम, कार्तिक वद्य ९

चि. सौ. चंद्रास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं. अगं, सासू म्हटली की बोलायचीच. बाईमाणसानं जरा बेतानंच खावं. मी तालमीच्या नावाखाली नुसतं पोट वाढवलंय, तर गाव म्हणतं हैबतरावामुळं घराला शोभा आली!

एवढं लिहून आईला वाचून दाखवलं, तर ती अंगावर धावून आली. मला गाढव म्हणाली. लेकीचं दूध आटतंय अन् हा दात काढतोय, असं म्हणून रडायला लागली. मग माझंबी हसू गेलं. तिचंच सांगणं लिहितो. दाजी जेवून उठले की त्यांच्याच उष्ट्या ताटात तू जेवतेस. त्या ताटाला कुलूप न्हाई. पौडच्या बाजारात दाजींना गाठून बोलतो. वरचं लिहिलेलं मनात धरू नकोस.

तुझा दादा

उरवडे, पौष शुद्ध ११

तीर्थरूप आईस व दादास चंद्राचा दंडवत. वि. वि.

बाजारातनं आले तवापासनं धनी निम्मं जेवण ताटात ठेवून उठतात. भूक न्हाई म्हणतात. आमच्या दोघांत त्यावर एक शब्द झालेला न्हाई. आता त्यांची बंडी सैल झालीया. लेकाला कुणाची तरी नजर लागली म्हणून सासूबाईंचा जीव थाऱ्यावर न्हाई. रोज दृष्ट काढतात, अन् कुलूप उघडून त्यांच्या ताटात लोण्याचा गोळा घालतात. तो तसाच माझ्यापुढं येतो. हसूबी येतं अन् माझ्यापायी ते उपाशी राहतात म्हणून जीवबी तुटतो.

दूध पुन्हा आलं. गोजराच्या मनगटाला वळी पडलीया. काल सासूबाईंनी तिला मांडीवर घेऊन दंड चाचपला अन् म्हणाल्या, पोरीच्या जातीला एवढं आंग बरं न्हाई, जरा कमी पाजत जा.

मी उठले. त्यांच्याच डब्यातल्या मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या अन् त्यांच्यादेखत माझ्या लेकीची दृष्ट काढली.

तुमची चंद्रा