बाबा, लिफ्ट बंद आहे

बाबा,

चहा थर्मासमध्ये आहे, पण तो नंतर. आधी कॉम्प्युटरसमोर बसा, चालूच ठेवलाय. माझा पहिला गेम झाला! पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत, मधे एकदाही बंद न पडता!

इमारतीची लिफ्ट बिघडलीय आणि एक लिफ्ट मेकॅनिक हत्यारांची पेटी घेऊन जिन्याने वर निघालाय. बाणांच्या बटणांनी तो चालतो, सगळ्यात लांब बटणाने उडी मारतो. बाकी काही सांगणार नाही. तो कुणासारखा दिसतो ते तुम्हीच बघा. नुसत्या मिशीला अख्खी दुपार लागली.

मी मुद्दाम घरात नाहीये. गेम नव्या माणसाच्या हातात द्यायचा आणि बनवणाऱ्याने तोंडाला कुलूप लावायचं, असा आमच्या बाईंचा नियम आहे. तरच तो कुठे फसलाय ते कळतं. काल वर्गात मैत्रीण खेळत होती आणि मी शेजारी "डावीकडे गं, डावीकडे!" करत नाचत होते. बाईंनी मलाच बाहेर काढलं.

म्हणून आज खाली बाकावर बसलेय. अडकलात तर चूक माझी, तुमची नाही. फक्त वैतागाल तेव्हा जरा मोठ्याने वैतागा, खिडकी उघडी ठेवलीय.

मेकॅनिक पडला की "अरे देवा!" म्हणतो, तो आवाज तुमचाच आहे. तुम्ही पंखा दुरुस्त करत होता तेव्हा गुपचूप रेकॉर्ड केला होता. इंजिनिअरिंग सोडून मी या कोर्सला गेल्यापासून तुमचा आवाज मी तेवढाच ऐकलाय.

ठमी