शोभा यांनी चार ओळी काढल्या

सौंसर
२८ जुलै २०२५

ती. देवीदासमामांस अश्विनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्ही हो-नाही एवढंच बोलता, म्हणून पत्र. होळीनंतर मामी गेली, तेव्हापासून तुम्ही पांढुर्ण्याच्या घरातून निघाला नाहीत. जेवायला या म्हणून किती बोलावलं. तुम्ही पाहू म्हणता.

माझ्या शाळेत सातवीची मुलं मिळून इंटरनेटवर एक गोष्ट लिहीत आहेत. पान एकच, कोणी शाळेच्या कॉम्प्युटरवरून, कोणी वडिलांच्या मोबाईलवरून त्यात ओळी जोडतं. नियम एवढाच, की पुढे लिहायचं, दुसऱ्याचं खोडायचं नाही. इथल्याच रामाकोना गावची एक आजी विमान पाहायला नागपूरला निघाली आहे. मधेच हेमंतने संत्र्याच्या बागेत बिबट्या सोडला. रोहितने त्याला संत्री खाऊ घातली, आता तो शाकाहारी आहे.

तुमच्या साध्या फोनवर हे उघडणार नाही, म्हणून मामीच्या मोबाईलवर लिंक पाठवली आहे. वाचा, वाटलं तर लिहा.

लोभ आहे, तो आटू देऊ नका.
तुमची भाची
अश्विनी


पांढुर्णा
४ ऑगस्ट २०२५

चि. अश्विनीस अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. गोष्ट रोज सकाळी चहासोबत वाचतो. आजी कंडक्टरशी भांडते ते वाचून हसू आलं. तुझी मामी असंच भांडायची, मी मागच्या सीटवर जाऊन बसायचो.

काल उघडलं तर आजी वारली होती, नागपूर पाहायच्या आधीच. काही गरज नव्हती. मी त्या चार ओळी काढल्या आणि लिहिलं की नुसता ताप होता, उतरला, आजी बसस्टँडवर गेली. बिबट्याला हात लावला नाही.

तब्येतीला जप.
तुझा
देवीदासमामा


सौंसर
८ ऑगस्ट २०२५

ती. मामांस सप्रेम जयभीम. वि. वि.

वर्गात तुम्ही गोंधळ उडवून दिला. कोणी काही बदललं की पानावर त्याचं नाव दिसतं. मोबाईल मामीचा, म्हणून तिथे आलं की शोभा यांनी चार ओळी काढल्या. मी वाचलं आणि खुर्चीवर बसले. मुलं विचारत सुटली की शोभा कोण. हेमंत म्हणे, मॅडम, आजी स्वतःच मोबाईल घेऊन बसली अन् आपलं मरण खोडून राहिली. सगळा वर्ग हसला. मीही हसले, मामा.

सोनाली हसली नाही. त्या ओळी तिच्या होत्या. तिची आजी दिवाळीत गेली, तिने जसं पाहिलं तसं लिहिलं होतं. ती म्हणते, माझी आजी काही उठून बसस्टँडवर नाही गेली. आता मी लिहूनच नाही राहिली. तिच्याशिवाय बाकीचेही थांबले आहेत.

मला त्या ओळी परत आणता येतात, पण आणणार नाही. काढल्या तुम्ही. रागावले नाही, एवढं समजून घ्या.

मायेत कमी करू नका.
अश्विनी


पांढुर्णा
१४ ऑगस्ट २०२५

चि. अश्विनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सोनालीचं मला माहीत नव्हतं.

जुनं परत आणायचं बटण सापडलं नाही. पण काढायच्या आधी मी त्या ओळी इतक्या वेळा वाचल्या होत्या, की पाठ होत्या. एका बोटाने परत टाईप केल्या. माझा ताप खोडला. खाली जोडलं की आजोबांनी आजीचा मोबाईल बंद केला नाही. दूधवाला अजून तिच्याच नावाने मेसेज टाकतो, उद्या एक लिटर का, आणि आजोबा हो लिहितात. शेवटी लिहिलं की आजोबा आता एकटेच जेवतात, त्यांना तेच बरं वाटतं.

आज सकाळी पाहिलं. तुझ्या सोनालीने माझी शेवटची ओळ खोडली आहे. तिथे लिहिलं आहे की आजोबांना सगळे जेवायला बोलावून राहिले, पण ते हट्टी आहेत, आता बिबट्याला पाठवून बोलावणं लागते. खाली रोहितने लिहिलं की बिबट्या निघाला.

म्हणजे ती लिहू लागली. नियम तिनेही मोडला, पण तू तिला बोलू नकोस.

रविवारी सकाळच्या बसने सौंसरला येतो. वांग्याची भाजी कर. तिखट बेताचं.

तुम्हा सर्वांवर जीव आहेच.
तुझा
देवीदासमामा