कड्यातली भेग

तीर्थरूप आईस, लांबूनच पाया पडतो.

मी मजेत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

सोबतचा फोटो बघून घाबरू नकोस. लांब लेन्समधून मागचं सगळं जवळ दिसतं, म्हणून तो कडा माझ्या खोलीच्या छपरावर आल्यासारखा वाटतो. तसा तो मागे आहे.

फक्त त्यातली भेग कालच्यापेक्षा रुंद दिसतेय. आधी वाटलं, वाऱ्याने कॅमेरा हलला. ट्रायपॉडला दगडांची पिशवी टांगून पुन्हा फोटो काढला, तरी भेग तेवढीच रुंद. घरमालकीण म्हणाली, "अहो, तो कडा माझ्या सासूच्याही आधीपासून तिथेच आहे!"

मीही हसलो. मग पिशवीतले दगड काढून तिच्यात कपडे भरले आणि ती दाराशी ठेवली. खाली जाणारी गाडी परवा आहे.

बाबांना फोटो दाखव, पत्र नको.

तुझा,
धाकटा