टँकरवरचं अक्षर

मुकुंदवाडी,
शनिवार

प्रिय रत्ना,

फोन केला की तू मीटिंगमंदी असतीस, म्हणून पत्र लिहिते. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय. हे कम्प्युटरात भरू नको, इकलं जाणार नाय.

तुझ्या बापाचं मात्र गेलं की गं! गंगापूरला त्यायनी टँकरवर रंगवलेली अक्षरं, उन्हानं पोपडे निघालेली, तू फोटो काढून नेलीस आन् त्याचा फॉन्ट केलास. मला लई हसू आलं. रंग उडाला म्हणून मालक लोक त्यायला बोलायचे, आन् आता त्याच उडालेल्या रंगाचं कौतुक. लग्नपत्रिकेवर बघितला, चहाच्या पाकिटावर बघितला. सर्जेरावाच्या सलूनच्या काचेवर बी हाय. मी येताजाता तिथं रेंगाळते, तर लोकायला वाटतं म्हातारीला सर्जेरावाचा नाद लागला. वाटू दे.

मंगळवारी बायपासच्या नव्या हॉटेलापुढं टँकर दिसला. जुनाट, गंजका, आन् त्यावर तुझ्या बापाच्या हाताचं 'पिण्याचे पाणी'. नळाला अकरा दिस पाणी नव्हतं, पोरी. फॉन्टबिन्ट काय ध्यानात राह्यलं नाय. तुला ठावं हाय, टँकरातलं गिलासभर स्वतः पिल्याबिगर ते हे दोन शब्द लिहीत नव्हते. मीच गल्लीत वरडले, हंडे घ्या, ह्या अक्षराची जिम्मेदारी माझी.

वीस बाया दोन तास रांगेत उभ्या. मग वॉचमन म्हणला, टँकर शोभेचा हाय, गिऱ्हाइकायनी फोटो काढायचा. आत कोरडा ठक्क. गंज बी रंगवलेला, आन् अक्षर तुझ्या फॉन्टातलं! तेवढ्यात आमच्या गल्लीत खरा टँकर येऊन गेला. त्याच्यावर कायबी लिहिलेलं नव्हतं म्हणं.

गल्लीतली कडूबाई बी माझ्या सांगण्यावरून त्या रांगेत होती, तिची सून बाळंतीण. घरात थेंब नव्हता, म्हणून तिनं बिल्डिंगच्या कामावरच्या खड्ड्यातलं पाणी पिलं. तीन दिस झाले दवाखान्यात हाय. लेकरू कडूबाईच्या मांडीवर रडतंय. कडूबाई मला एक शिवी देत नाय, त्याचंच भ्या वाटतं.

आता मी रोज त्या टँकरापाशी बसते. लांबून लांबून बाया हंडे घेऊन येत्यात. आत काय नाय म्हणलं तर त्यांना वाटतं, म्हातारी पाणी दाबून बसलीय. हॉटेलवाल्याच्या पाया पडले. तो म्हणतो, मावशी, लोकायला लई आवडलंय, दुसरा टँकर बी करतोय.

काल तुझ्या बापाचाच ब्रश आन् काळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन गेले. वॉचमन बिचारा पाठ करून उभा राह्यला. ब्रश रंगात बुडवला, पण पत्र्याला टेकवता आला नाय. जन्मभर त्यायला टोमणे मारले, आन् पुसायची येळ आली तर हातच उचलंना. म्हणून हे लिहिणं. त्या अक्षरानं लग्नं लाव, चहा इक, माझी ना नाय. त्या टँकरवरून तेवढं काढ. फॉन्ट तू केलाय, तुझा हात उचलंल. कडूबाईच्या सुनेवाणी आणखी कुणी पडायच्या आत ये, रत्ना. मला एकटीला जमत नाय.

तुझीच,
आई