आहेरात आलेलं शेवाळ

फैजपूर,
मंगळवार

आदरणीय व्याहीबुवा योगेंद्रराव यांना फैजपूरहून उखर्डू भारंबे यांचा सादर नमस्कार. इकडे माणसं, गुरं आणि केळी सुखरूप आहेत. तिकडे धुळ्याला आपण सर्व ठणठणीत असाल. विहीणबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? आपण बीपीची गोळी वेळेवर घेत असालच. आज घेतली नसेल, तर पुढचं वाचण्याआधी घ्यावी. आपली लेक, म्हणजे आमच्या सूनबाई दिपमाला, बी.एड.च्या परीक्षेसाठी आपल्याकडे आली आहे, तिचे पेपर चांगले जात आहेत असं आमच्या नवीनकडून कळलं. (लग्नाला वर्ष होत आलं, तरी नवरा-बायको फोनवर एवढं काय बोलतात, हे विचारायची सोय नाही.) फोन मीही केला असता, पण सध्या आपला फोन दिपमालाच उचलते, आणि हे बोलणं तिच्या कानावर जायला नको. म्हणून पत्र.

व्याहीबुवा, आपल्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि तो आहे म्हणूनच विचारतो. लग्नात लोक कपाट देतात, फ्रिज देतात, अगदीच हौस असली तर सोफा देतात. आपण आम्हाला पाण्याने भरलेली काचेची पेटी का दिलीत? कपाटाला रोज जेवू घालावं लागत नाही. फ्रिज हिरवा पडत नाही. ती टाकी आपण स्वतःच्या हाताने आमच्या हॉलमध्ये बसवलीत, आत माती पसरलीत, लाकडाचं वाकडं खोड ठेवलंत, झाडं रोवलीत, मासे सोडलेत आणि चहा पिता पिता म्हणालात, "पाहुणे, यात करायचं काही नसतं. झाडं माशांना सांभाळतात, मासे झाडांना सांभाळतात." ते दोघं एकमेकांना सांभाळत असताना तिसरा कोणी गुपचूप घरात शिरतो, हे आपण सांगितलं नाहीत. तो तिसरा म्हणजे शेवाळ.

दिपमाला होती तोवर शेवाळाचं नावही आम्हाला माहीत नव्हतं. ती दुपारी टाकीपुढे स्टूल घेऊन बसायची, कात्रीने झाडं छाटायची, पाणी बदलायची. (एक कबूल केलं पाहिजे. सासरा आणि सून यांच्यात बोलायला असतं काय? चहा झाला का, झाला. संपलं. पण एकदा तिने मला हाक मारून बोट दाखवलं, "पप्पा, ही कोळंबी बघा, पोटाखाली अंडी आहेत." मी चष्मा लावून वाकलो, आणि तेव्हापासून रोज दुपारी त्या कोळंबीची तब्येत हा आमच्यातला विषय झाला. आम्ही पडलो शाकाहारी. घरात कोळंबी आली हे कळल्यावर भाऊबंद उंबऱ्यावरूनच वास घेऊन परत गेले होते. पण ती नखाएवढी, लाल, काम करणारी. दिवसभर पानं पुसत बसायची.) धुळ्याला निघताना दिपमालाने बजावलं, की टाकीचा लाइट सहा तासच लावायचा, खाणं दिवसातून एकदा चिमूटभर, आणि रविवारी थोडं पाणी बदलायचं. मी मान डोलावली.

आता आपणच सांगा, लोडशेडिंगमध्ये उभा जन्म काढलेल्या माणसाला घरात वीज असताना दिवा विझवायला सांगणं शोभतं का? आमच्याकडे केळीचे व्यापारी संध्याकाळी येतात. सकाळी भाऊबंद येतात. त्यांना काय काळोखात मासे दाखवू? म्हणून लाइट सकाळी लावला तो झोपताना बंद केला. आणि चिमूटभर खाणं? मी टाकीजवळून गेलो की ते मासे काचेला तोंड लावून उभे राहत. दारात आलेल्याला चिमटीने वाढणं आमच्या घराण्यात कोणी केलेलं नाही. मी भाकरीचा चुराही टाकत गेलो. एवढं करून झाडं मात्र मरगळलेली दिसायला लागली, तेव्हा मी नवीनला सोबत घेऊन टाकी खिडकीशी सरकवली. चाळीस वर्षं केळी लावतोय, ऊन कशाला म्हणतात ते मला कळतं.

चार दिवसांत काच हिरवी झाली. पुसली, पुन्हा झाली. मग पानांवर धागे आले, धाग्यांचे झुपके झाले, खोडाला काळी दाढी फुटली. माझी झाडं (आपली झाडं) त्या दाढीखाली पिवळी पडायला लागली. पिवळं पान म्हणजे उपासमार, हे केळीच्या बागेतलं पोरगंही सांगेल. मी ठिबकमधून केळीला सोडतो ते पाण्यात विरघळणारं खत अर्धा चमचा टाकीत सोडलं. खताने काम केलं, नाही असं नाही. फक्त ते झाडांनी खाण्याआधी शेवाळाने खाल्लं. पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं. मासा काचेला येऊन टेकला तरच दिसायचा. आमच्या बेबाबाईने कंबरेवर हात ठेवून विचारलं, "मासे हायेत का त्यात, का नुसत्या पाण्यालेच खाऊ घालून राह्यले तुम्ही?" अशा वेळी नवऱ्याने काय उत्तर द्यावं, व्याहीबुवा? आपण टाकी दिलीत, उत्तर दिलं नाहीत.

माझा लहानपणापासूनचा दोस्त नूर महंमद (कूलर आणि पत्र्याच्या पेट्या बनवतो, लग्नात आपल्याशेजारी जेवायला बसला होता तो) बघायला आला. म्हणाला, "उखर्डूभाऊ, याला उजेड देऊ नका, खाणं देऊ नका. तीन-चार दिवस पूर्ण झाकून ठेवा. शेवाळ आपोआप मरतं." पटलं. टाकी खिडकीपासून हलवली, दुहेरी केलेल्या पांढऱ्या चादरीत वरपासून खालपर्यंत गुंडाळली, कडेने दोरी बांधली. पाण्याला थोडा वास येत होता म्हणून बेबाबाईने समोर उदबत्ती लावली. नेमकी त्या दुपारी गल्लीतली धुरपदाबाई वाटीभर साखर मागायला आली. तिने हॉलमध्ये ते लांबट पांढरं गाठोडं पाहिलं, उदबत्ती पाहिली, शेजारी खुर्चीत डोकं धरून बसलेला मी पाहिला, आणि वाटी खाली ठेवून रडायला लागली. "कोन गेलं वं बेबा? मले कळवलं बी नाही." तिला समजावेपर्यंत आणखी दोघी पदर डोळ्याला लावून आल्या. एक जण तर म्हणाली की माणूस फार चांगला होता. कोणता माणूस, ते मी विचारलं नाही.

झाकून ठेवण्याच्या उपायाला धीर लागतो, आणि धीर आहेरात आला नव्हता. शेवाळ मरतंय की नाही, हे बघितल्याशिवाय कळणार कसं? मी मधून मधून चादरीचं टोक वर करून बॅटरी मारत होतो. (नूर महंमद याला उजेड म्हणतो. मी चौकशी म्हणतो.) दुसऱ्या दिवशी शेवाळ होतं तिथेच होतं, उलट माझ्याकडे बघत होतं. तेव्हा माझा संताप झाला, आणि मी शेतकऱ्याचं औषध काढलं. आमच्या शेततळ्यात हिरवळ धरली की मोरचूदाची पुरचुंडी काठीला बांधून पाण्यातून फिरवतात, शेवाळ बसतं. एवढ्या मोठ्या तळ्याला चालतं, ते काचेच्या पेटीला का चालू नये? मी हरभऱ्याच्या डाळीएवढा निळा खडा टाकला. डाळीएवढाच.

व्याहीबुवा, मोरचूदात तांबं असतं आणि कोळंबीला तांबं सोसत नाही, हे टाकीवर कुठे लिहिलेलं होतं? आपण लिहिलं होतंत का? संध्याकाळपर्यंत सगळ्या कोळंब्या पाय वर करून पडल्या. ती अंडी असलेलीही. गोगलगायी शंखात गेल्या त्या परत आल्या नाहीत. नाजूक पानांची झाडं विरघळली. नूर महंमदने मासे चाळणीने काढून पापडाच्या पिठाच्या टपात ठेवले, म्हणून ते तेवढे वाचले. आणि मेलं नाही ते शेवाळ. खोडावरची काळी दाढी जशीच्या तशी आहे, आणि मला वाटतं, थोडी लांब झाली आहे. बेबाबाईने त्या दिवशी भाकरी ताटात वरूनच टाकली. असं वाढणं कसं असतं, हे आपल्याला सांगायला नको, आपल्याही घरी विहीणबाई आहेत.

तेव्हा मी आपल्याला स्पष्ट कळवतो, की ही टाकी आपण सवडीने येऊन परत न्यावी. आमचं घर शेतकऱ्याचं आहे, प्रयोगशाळा नाही. जे जमिनीवर उगवतं त्याचं आम्ही बघून घेतो. पाण्याखालची शेती आपली आपल्याला लखलाभ. यात माझा राग आपल्यावर नाही, टाकीवर आहे, आणि टाकी कोणी दिली हा वेगळा प्रश्न आहे. विहीणबाईंना नमस्कार, परीक्षार्थीला आशीर्वाद.

आपला,
उखर्डू भारंबे

ता.क. टाकी लगेच न्यायची घाई नाही. आधी एक काम करावं. धुळ्याला माशांचं दुकान आहे असं ऐकतो. तिथून लाल कोळंब्या, थोड्या गोगलगायी आणि आपण लावली होती तीच झाडं घेऊन शनिवारी यावं. दिपमाला रविवारी परत येते आहे. कोळंब्यांमध्ये एक तरी अंडी असलेली बघून घ्यावी. ती कोणती, हे दिपमालाला ओळखू येतं.

ता.क. दुसरा. घरी सांगताना आपण केळीच्या भावाची चौकशी करायला येत आहात, असं सांगावं.

व्याहीबुवांना बेबाबाईचा नमस्कार. यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. दिपमालाला मी कोळंब्या गेल्या त्याच दिवशी फोनवर सगळं सांगितलं आहे. आधी थोडी रडली, मग धुरपदाबाईचं ऐकून इतकी हसली की तिची आई धावत आली. तिनेच मला बजावलं आहे, की मला कळलंय हे पप्पांना कळू देऊ नका. यांनी टाकी धुऊन धुऊन तीनदा पाणी बदललं, आणि आता रोज दुपारी तिचंच स्टूल घेऊन जुन्या टूथब्रशने खोड घासत बसतात. टपातल्या माशांना बाहेर ऊन किती आहे ते सांगतात. आजवर या माणसाने स्वतःचा चहाचा कप विसळलेला नाही. म्हणून कोळंब्या जरूर आणा, पण शनिवारी येऊ नका, दिपमालासोबतच रविवारी या. टाकी न्यायचं लिहिलंय ते मनावर घेऊ नका. काल नवीन जेवताना म्हणाला, पप्पा, विकून टाकू, तर हे अर्ध्या भाकरीवरून उठले.