माझा मेडोलार्क कोणी फोडू नये

मी, लायल अर्नेस्ट हॉस्टेटलर, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, आता बंद, राहणार कोशॉक्टन, ओहायो, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, दाराला साखळी लावून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांकडून घेतला आहे. दाखला लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, "ते जुनं वाजवायचं यंत्र अजून आहे का हो तुमच्याकडे?" मी डॉक्टर बदलला आहे. यापूर्वी लिहिलेला कागद मी रद्द करत आहे. कारण पुढे येईल.

कलम १. घर, बँकेतली शिल्लक आणि पिकअप गाडी माझी भाची ट्वायला हिला मिळावी. गाडीचं डावं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. लाथ खालच्या बाजूला मारावी.

कलम २. माझी सर्व हत्यारं गावच्या तंत्रशाळेला द्यावीत. कुंपण छाटायची मोठी कात्री त्यांत धरू नये, ती शेजारच्या रस्कची आहे. त्याने माझी शिडी आणून दिली तरच ती परत करावी. शिडी त्याच्या गॅरेजात आहे. मी डोळ्यांनी पाहिली आहे.

कलम ३. आता मुद्द्याची मिळकत. चावीचा मेडोलार्क फोनोग्राफ, गाणी कोरलेल्या मेणाच्या नळ्या वाजवणारा, लाकडी कर्ण्याचा. याचा कारखाना लवकर जळाला, त्यामुळे नग मुळात थोडे. आज जगात किती उरले आहेत? संग्राहकांचं मंडळ म्हणतं, पाच. मंडळ काय वाट्टेल ते म्हणेल! मी पाचही यंत्रं उलटी करून, टॉर्च मारून पाहिली आहेत. लिओटा प्रुइटबाईंच्या यंत्राच्या तळाला स्टार स्क्रू आहेत. तसले स्क्रू तेव्हा जन्मालाही आले नव्हते. मी बोट ठेवलं तर बाई म्हणतात, "अय्या! आधीच्या मालकाने बदलले असतील हो." डेटनच्या गृहस्थाचा कर्णा हिंदुस्थानातून आलेला नवाकोरा पितळी, वरून लाकडाचा रंग फासलेला. तिसऱ्याचं यंत्र चावी न फिरवताही वाजतं, कारण आत बॅटरी आहे. राहिले दोन. एक माझा, अखंड. दुसरा वेंडेल राउशचा. त्याला साउंडबॉक्स, म्हणजे आवाज काढणारी डबी, नाही, म्हणून तो मुका.

कलम ४. या चौघांना हवा असलेला प्रत्येक भाग माझ्या एकट्याच्या यंत्रात आहे. मी डोळे मिटले की माझा फोडायचा, भाग वाटून घ्यायचे आणि खोट्यांना खरं म्हणून मिरवायचं, असा हा डाव आहे. म्हणूनच अलीकडे माझ्या तब्येतीची चौकशी फार होते. लिओटाबाई सफरचंदाचा केक घेऊन येतात. "लायल, खोकला कसा आहे रे? परवा फार वाटत होता." बरा आहे म्हटलं की तोंड उतरतं. हे यंत्र माझ्या बायकोने, इर्माने, एका पडक्या कोठारात कोंबड्यांच्या घाणीखालून काढलं आणि दात घासायच्या ब्रशने स्वच्छ केलं. ती गेली तेव्हा मी पहिल्यांदा याच्यापाशी जाऊन बसलो. ते सुटं सुटं होऊन विकलं जावं, हे मला सहन होणार नाही. बाकी माझी काही इच्छा नाही.

कलम ५. ट्वायलाला मी हे देऊ केलं होतं. ती म्हणाली, "मामा, माझ्या गळ्यात नका घालू. मला कोणाला नाही म्हणता येत नाही. लिओटाबाईंनी केक आणला तर मी त्यांना घरसुद्धा देऊन बसेन." म्हणून आधीच्या कागदात ते गावच्या संग्रहालयाला लिहिलं होतं, जिथे वस्तू तळघरात जातात आणि परत दिसत नाहीत. कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तेव्हा मी मुद्दाम एका गुरुवारी लिओटाबाई आणि वेंडेल या दोघांनाच त्या कागदावर सह्या करायला बोलावलं. दोघांचाही पत्ता एका दमात कट! वेंडेल दर गुरुवारी येतो, कॉफी पितो, एक नळी ऐकतो आणि जातो. माझा सर्वांत जास्त संशय त्याच्यावर. साउंडबॉक्स खिशात मावतो. तो गेला की मी आधी साउंडबॉक्स बघतो, मग दार लावतो.

साक्षीदाराचा कायदा मी दोघांना वाचून दाखवला. लिओटाबाईंना एकदम चष्मा सापडेना. उरलेला केक उचलून त्या घरी गेल्या. वेंडेलने पेन घेतलं आणि सही ठोकली.

मी म्हटलं, "अरे, तुला कळलं का? आता साउंडबॉक्स तुला कधीच मिळणार नाही."

"मला कुठे हवाय? तुझा काढून माझ्यात घातला तर तुझाही गेला आणि माझाही खोटा झाला. मुका आहे तर मुका राहू दे."

"मग इतकी वर्षं येतोस कशाला?"

"ऐकायला रे, येड्या. आणि कॉफी प्यायला, जरी ती भिकार असते तरी."

त्या गुरुवारी तो गेल्यावर मी साउंडबॉक्स पाहिला नाही. रात्री उठून पाहिला. जागेवर होता. मला माझीच लाज वाटली.

कलम ६. सबब, मेडोलार्क, त्याची चावी आणि सर्व नळ्या अखंड स्वरूपात वेंडेल राउश याला मिळाव्यात. कोणतीही अट नाही. लिओटाबाईंनी हरकत घेतल्यास त्यांना स्टार स्क्रू दाखवावेत.

कलम ७. या कागदातलं एक अक्षरही माझ्या हयातीत वेंडेलच्या कानावर जाऊ नये. कळलं, तर तो पुन्हा साक्षीदार म्हणून सही ठोकून स्वतःचा पत्ता कट करायला येईल.

लायल ई. हॉस्टेटलर

आमच्यासमोर वरील सही झाली. आम्हाला या कागदातून काही मिळत नाही, आणि आम्हाला जुनी गाणी आवडत नाहीत, याची हॉस्टेटलर यांनी दोनदा खात्री करून घेतली आहे.
१. मर्ल ग्रोव्ह, टपाल वाटणारे
२. कॅन्डेस ग्रोव्ह, त्यांच्या पत्नी, टपालगाडीत बसलेल्या

कोशॉक्टन, ओहायो
१६ ऑक्टोबर २०२३, सोमवार